जुन्या गिटार ॲम्पच्या पॉवर ट्यूब बदलायच्यात? आधी रिकामी सॉकेटं तपासा

जुना ट्यूब ॲम्प थकल्यासारखा वाजू लागला की पहिला संशय पॉवर ट्यूबवर, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या मोठ्या ट्यूबवर, जातो. खर्जात दम राहिलेला नसतो, आवाज लवकर फाटतो, मधूनच चरचर येते. मग नवी जोडी मागवायची, जुनी उपसायची, नवी खोचायची. कधीकधी एवढ्यावर भागतंही. पण पुष्कळदा दोष ट्यूबच्या आजूबाजूच्या सर्किटमध्ये असतो, आणि तो तसाच ठेवला तर नवी जोडीही त्याच वाटेने जाते. म्हणून या लेखात नवी ट्यूब सॉकेटमध्ये बरीच उशिरा शिरते. त्याआधीची तपासणी कंटाळवाणी वाटेल, पण माझ्या मते सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची आहे.

तुम्हाला मल्टिमीटर वापरता येतो आणि थोडंफार सोल्डरिंग जमतं असं मी धरून चाललो आहे. यातलं काहीच हाताखालून गेलं नसेल तर ॲम्प स्वतः उघडू नका, जाणकार तंत्रज्ञाकडे न्या. तरीही लेख वाचा, त्याच्याकडे नेमकं काय मागायचं ते कळेल.

१. पहिलं काम: कॅपॅसिटर रिकामे करणे

या ॲम्पमध्ये ३५० ते ५०० व्होल्ट डीसी असतं. त्याने माणूस मरतो. प्लग काढला तरी फिल्टर कॅपॅसिटरमध्ये हे व्होल्टेज बराच काळ साठून राहू शकतं. "कालपासून बंद आहे" या भरवशावर आत बोट घालू नका.

ॲम्प बंद करताना स्टँडबाय स्विच वाजवण्याच्या स्थितीतच ठेवा आणि फक्त मेन स्विच बंद करा. गरम ट्यूब साठलेलं बरंचसं व्होल्टेज ओढून घेतात. पुष्कळ ॲम्पमध्ये स्टँडबाय स्विच पहिल्या मोठ्या कॅपॅसिटरच्या पुढे असतो. तो आधी बंद केलात तर तो कॅपॅसिटर भरलेलाच राहतो.

मग प्लग काढा. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर आणि क्रोकोडाइल क्लिप लावा. एक क्लिप आधी चेसिसला, दुसरी नंतर फिल्टर कॅपॅसिटरच्या पॉझिटिव्ह टोकाला. ५यू४ किंवा जीझेड३४ रेक्टिफायर ट्यूब (एसीचं डीसी करणारी) असेल तर तिच्या सॉकेटची पिन ८ ही सोयीची जागा आहे. अर्धा मिनिट थांबा आणि मीटरने खात्री करा. व्होल्टेज शून्याच्या जवळ आलं तरी क्लिप काढू नका, कारण जुने इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर थोड्या वेळाने आपोआप पुन्हा थोडे भरतात. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची पद्धत अजून दिसते. तिच्यात कॅपॅसिटरचं नुकसान होतं आणि डोळ्यांनाही धोका असतो. आणि पुन्हा चालू करण्याआधी ती क्लिप काढायला विसरू नका.

चालू ॲम्पवर मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने चेसिसला लावून टाका, लाल प्रोब एका हातात धरा आणि दुसरा हात खिशात ठेवा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. घरात दुसरं कुणीतरी जागं असू द्या.

अजून एक. १९६०च्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन ॲम्पना दोन पिनांचा प्लग असतो आणि मेन लाइनपासून चेसिसपर्यंत एक कॅपॅसिटर जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला तर मेनची वीज थेट चेसिसवर, म्हणजेच गिटारच्या तारांवर येते. तुमच्या ॲम्पमध्ये तो असेल तर ट्यूबचा विचार नंतर. आधी तो काढून अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग बसवून घ्या. प्लग बदलला म्हणून ॲम्पची जुनी शान कमी होत नाही.

२. काय काय जवळ हवं

- तुमच्याच मॉडेलचा सर्किट डायग्राम आणि लेआउट. फेंडरमध्ये कॅबिनेटच्या आत चिकटवलेल्या ट्यूब चार्टवर सर्किट क्रमांक असतो, उदाहरणार्थ एबी७६३. नाव तेच असलं तरी सर्किट वेगळं असू शकतं, म्हणून क्रमांक जुळवूनच डायग्राम घ्या.
- जी ट्यूब बसवणार तिची डेटाशीट.
- किमान ६०० व्होल्ट, शक्यतो १००० व्होल्ट झेपणारा मल्टिमीटर, चांगल्या प्रोबसह.
- बायस प्रोब (बायस म्हणजे वाजवत नसताना ट्यूबमधून किती करंट जावा ते ठरवणारी जुळवणी), किंवा प्रत्येक पॉवर ट्यूबसाठी १ ओहम, १ वॅट, १ टक्का अचूकतेचा रेझिस्टर.
- सिरीज लॅम्प: मेनच्या एका वायरमध्ये ६० ते १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.
- कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगचं सामान.
- स्पीकर. ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा योग्य डमी लोडशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि जुन्या ॲम्पमधला तोच सर्वांत दुर्मिळ भाग. चेसिस टेबलावर काढलीत तरी स्पीकरची वायर जोडलेली हवी.

३. बायस कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

ऑक्टल, म्हणजे आठ पिनांच्या, सॉकेटवाल्या ट्यूबमध्ये (६एल६, ६व्ही६, ईएल३४) पिन ८ म्हणजे कॅथोड, इलेक्ट्रॉन सोडणारा भाग. तिथून निघालेली वायर सरळ चेसिसला जात असेल तर तो फिक्स्ड बायस. नाव फिक्स्ड असलं तरी बदलता येतो तो हाच. ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज दिलेलं असतं. ६एल६ला साधारण उणे ४५ ते ५५, ६व्ही६ला उणे ३० ते ४० व्होल्ट. पिन ८ वरून जाड रेझिस्टर आणि त्याला समांतर इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर चेसिसला जात असेल तर तो कॅथोड बायस. ट्वीड काळातला फेंडर डीलक्स आणि व्हॉक्स एसी३० या घराण्यातले. त्यांच्यात फिरवायला काही नसतं. त्यांच्यासाठी मुद्दा ८ पाहा.

मधला एक प्रकार नवख्यांना हमखास फसवतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून फेंडरच्या अनेक सिल्व्हरफेस मॉडेलमध्ये बायसच्या जागी बॅलन्स कंट्रोल आला. तो फिरवला की एका बाजूचा करंट वाढतो आणि दुसरीचा कमी होतो; एकूण पातळी जिथल्या तिथे. कितीही फिरवला तरी थंड बायस गरम होणार नाही. तिथे बायस सप्लायमधल्या रेझिस्टरची किंमत बदलावी लागते, किंवा सर्किट जुन्या पद्धतीवर आणावं लागतं.

४. ट्यूब निवडताना

ज्या ट्यूबसाठी ॲम्प बनला आहे तीच घ्या. ईएल३४ आणि ६एल६जीसी दिसायला सारख्या, सॉकेटही एकच; तरी त्या परस्पर बदलता येत नाहीत. ईएल३४चा हीटर १.५ अँपिअर ओढतो, ६एल६जीसीचा ०.९. पॉवर ट्रान्सफॉर्मरवर तो भार वाढतो. शिवाय ईएल३४च्या पिन १ वर सप्रेसर ग्रिड असते आणि ती कॅथोडला जोडलेली असावी लागते. फेंडरमध्ये पिन १ रिकामी समजून तिच्यावर ग्रिडचा रेझिस्टर टेकवलेला असतो. तिथे ईएल३४ खोचली तर काम बिघडलंच.

दोन किंवा चार ट्यूबच्या ॲम्पसाठी मॅच केलेला संच घ्या. दोन्ही बाजूंचा करंट सारखा असला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये हम एकमेकांना खोडतो. दोन-चार मिलिअँपिअरचा फरक असला तर काही बिघडत नाही; काहींना तोच आवाज आवडतो.

६व्ही६वाल्यांनी एक गोष्ट पाहून घ्यावी. जुन्या डेटाशीटमध्ये ६व्ही६जीटीच्या प्लेटची (इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या पत्र्याची) मर्यादा ३१५ व्होल्ट दिलेली आहे, आणि फेंडर डीलक्स रिव्हर्बच्या प्लेटवर ४०० व्होल्टच्या वर असतं. जुन्या काळच्या मजबूत ट्यूबनी ते सोसलं. आजची प्रत्येक ६व्ही६ सोसेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी तिच्या डेटाशीटमधलं कमाल प्लेट व्होल्टेज वाचा.

५. रिकाम्या सॉकेटवरची तपासणी

पॉवर ट्यूब काढा. काचेला धरून ओढू नका, खालचा बेस धरून हलकेच डोलवत वर घ्या. बेसच्या मधोमध असलेली प्लॅस्टिकची खुंटी शाबूत आहे ना ते पाहा. ती तुटलेली ट्यूब चुकीच्या कोनात बसू शकते, आणि मग प्लेटचं व्होल्टेज भलत्याच पिनवर जातं. सॉकेटवर क्लीनर मारून ब्रश फिरवा. पकड सैल झाली असेल तर बारीक टोकदार हत्याराने आतले कॉन्टॅक्ट किंचित आवळा (कॅपॅसिटर रिकामे आहेत ना, पुन्हा एकदा पाहा).

आता ॲम्प बंद असतानाच स्क्रीन रेझिस्टर, म्हणजे ट्यूबच्या स्क्रीन ग्रिडला जाणारे रेझिस्टर, मोजा. फेंडरमध्ये ते साधारणपणे ४७० ओहमचे, पिन ४ आणि ६ च्या मध्ये असतात; मार्शलमध्ये बहुधा १ किलोओहमचे. आधीची ट्यूब शॉर्ट होऊन गेली असेल तर हेच जळालेले सापडतात. रंग करपला असेल तर आकडा बरोबर आला तरी बदला.

बायस सप्लायचा इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर मूळचा, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा असेल तर तोही बदला. किंमत किरकोळ, पण तो मेला तर निगेटिव्ह व्होल्टेज घसरतं आणि सगळ्या पॉवर ट्यूब एकदम जातात. तिथे निगेटिव्ह सप्लाय असल्यामुळे कॅपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक चेसिसकडे असतं. सवयीने उलटा बसवला जातो, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या. मोठे फिल्टर कॅपॅसिटरही मूळचेच असतील तर नव्या ट्यूबच्या आधी पैसे त्यांच्यावर घाला.

मग प्रीॲम्प ट्यूब, फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबच्या दोन बाजूंना परस्पर उलटे सिग्नल देणारी ट्यूब) आणि रेक्टिफायर जागेवर, पॉवर ट्यूबची सॉकेटं रिकामी, स्पीकर जोडलेला, असा ॲम्प सिरीज लॅम्पमधून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भरभक्कम पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. सगळं नीट दिसलं की बल्ब काढून थेट मेनवर या.

पुढची मोजमापं फिक्स्ड बायसच्या ॲम्पसाठी. पहिलं मोजमाप स्टँडबायवर. प्रत्येक पॉवर सॉकेटच्या पिन ५ वर, म्हणजे कंट्रोल ग्रिडवर, निगेटिव्ह व्होल्टेज पाहा. सगळीकडे सारखं यायला हवं. एखाद्या पिनवर शून्य आलं तर तिथे ट्यूब अजिबात बसवू नका. ग्रिडचा रेझिस्टर तुटलेला असेल किंवा सोल्डर सुटलेलं असेल.

दुसरं मोजमाप स्टँडबाय सोडून, म्हणजे स्विच वाजवण्याच्या स्थितीत आणून. फेज इन्व्हर्टरला आता पूर्ण व्होल्टेज मिळतंय. पुन्हा त्याच पिन. माझ्या एका ६व्ही६वाल्या ॲम्पमध्ये स्टँडबायवर दोन्हीकडे उणे ३६ होते. स्टँडबाय सोडल्यावर एक उणे ३६ वर राहिला आणि दुसरा हळूहळू उणे २९ वर येऊन थांबला. फेज इन्व्हर्टरकडून येणारा कपलिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे देणारा) डीसी गळत होता. त्या सॉकेटमध्ये बसलेली प्रत्येक ट्यूब जास्त करंट ओढणार आणि लवकर मरणार, आणि दोष मात्र ट्यूबच्या माथी जाणार. कॅपॅसिटर बदलल्यावर दोन्ही आकडे सारखे आले. हा दोष ट्यूब बसवून शोधायला गेलात तर "जोडी मॅच नाही" असंच वाटतं.

पॉवर ट्यूबचा भार नसल्यामुळे या अवस्थेत मुख्य व्होल्टेज नेहमीपेक्षा चढं असतं. म्हणून दोन-चार मिनिटांत मोजणी आटपा.

शेवटी बायसचा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा कंट्रोल) फिरवून व्होल्टेज किती ते किती बदलतं ते लिहून ठेवा, आणि जास्तीत जास्त निगेटिव्ह आकड्यावर आणून सोडा. निगेटिव्ह जितकं जास्त तितका ट्यूबचा करंट कमी.

६. नवी जोडी बसवून पहिल्यांदा चालू करणे

ॲम्प बंद करून, कॅपॅसिटर रिकामे करून मोजायची सोय करा. पिन ८ आणि चेसिसच्या मध्ये १ ओहमचा रेझिस्टर घातला की त्याच्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर. मला ही पद्धत सर्वांत पसंत आहे, कारण प्रोब जिथे लागतो तिथे धोकादायक व्होल्टेजच नसतं. पण मूळ सोल्डर न हललेला, संग्रहातला ॲम्प असेल तर बायस प्रोब वापरा. तो ट्यूब आणि सॉकेटच्या मध्ये बसतो आणि काहीच बदलावं लागत नाही.

मीटर करंटच्या रेंजवर ठेवून आउटपुट ट्रान्सफॉर्मरला समांतर लावायची एक पद्धत सांगितली जाते. आकडा येतो, पण प्रोब पूर्ण प्लेट व्होल्टेजवर धरावे लागतात. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

ट्यूब बसवा, व्हॉल्यूम शून्यावर, गिटार लावू नका. स्टँडबायवर दोन-एक मिनिटं हीटर तापू द्या, मग स्टँडबाय सोडा आणि खोलीतला दिवा कमी करून ट्यूबकडे पाहत राहा. हीटरचा नारिंगी उजेड हवाच. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी घाबरू नका. मधला करडा पत्रा, म्हणजे प्लेट, निखाऱ्यासारखा लाल होऊ लागला तर त्याच क्षणी बंद करा. प्रीसेटशी खेळत बसू नका. आणि टोकाशी असलेला गेटरचा चंदेरी थर पांढरा दुधी झाला असेल तर काचेत हवा शिरली आहे, ती ट्यूब गेली.

७. मोजणी आणि हिशोब

"या ॲम्पला किती मिलिअँपिअर?" असा प्रश्न सगळे विचारतात. तयार आकडा घेऊन चालत नाही, कारण उत्तर तुमच्या प्लेट व्होल्टेजवर अवलंबून असतं. दोन आकडे लागतात: पिन ३ वरचं प्लेट व्होल्टेज आणि ट्यूबचा करंट. त्यांचा गुणाकार म्हणजे प्लेटवर जळणारे वॅट.

ट्यूबची कमाल मर्यादा डेटाशीटवरून घ्या. ६एल६जीसी ३० वॅट, ईएल३४ २५ वॅट, ६व्ही६जीटी जुन्या डेटाशीटप्रमाणे १२ वॅट. नुसतं ६एल६ किंवा ६एल६जीबी असेल तर मर्यादा बरीच खाली, १९ वॅट. जीसीचा हिशोब तिला लावू नका. फिक्स्ड बायसच्या पुश-पुल (ट्यूबच्या दोन बाजू आळीपाळीने काम करणाऱ्या) ॲम्पमध्ये वाजवत नसताना या मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या वर जायचं नाही. ७० ही वरची हद्द आहे, गाठायचं ठिकाण नव्हे. मी ६० च्या आसपास सुरुवात करतो.

उदाहरण घ्या. ६एल६जीसी, प्लेटवर ४४० व्होल्ट, करंट ३८ मिलिअँपिअर. ४४० × ०.०३८ = १६.७ वॅट, म्हणजे ३० वॅटच्या ५६ टक्के. प्रीसेट किंचित फिरवून करंट ४२ वर आणला. करंट वाढला की प्लेट व्होल्टेज थोडं उतरतं, समजा ४३४ झालं. ४३४ × ०.०४२ = १८.२ वॅट, सुमारे ६१ टक्के. दरवेळी दोन्ही आकडे नव्याने मोजायचे ते यासाठी. कॅथोडवर मोजलेल्या करंटमध्ये स्क्रीन ग्रिडचाही थोडा करंट असतो, त्यामुळे प्लेटचे खरे वॅट याहून जरा कमीच भरतात. चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

प्रीसेट अगदी थोडा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, मोजा. इच्छित जागी आला की ॲम्प दहा-पंधरा मिनिटं तसाच तापू द्या. आकडा सरकतो, पुन्हा जुळवा. तापूनही तो थांबतच नाही, चढतच राहतो, तर ट्यूब किंवा तिच्या ग्रिडचं सर्किट सदोष आहे.

मग गिटार लावून कानाने ठरवा. बायस फार थंड असेल तर हलक्या हाताने वाजवताना स्वर कोरडा, खरखरीत लागतो आणि शेपटीला फाटतो. गरम करत गेलात की स्वर भरतो, पण एका मर्यादेनंतर फक्त ट्यूबचं आयुष्य कमी होतं. ५५ आणि ६५ टक्क्यांमधला फरक ऐकू येण्याजोगा आहे. ६५ आणि ७० मधला मला तरी मोजून दाखवल्याशिवाय कळत नाही.

हीटरचं व्होल्टेजही एकदा बघा: पिन २ आणि ७ च्या मध्ये, मीटर एसीवर. ६.३ अपेक्षित, १० टक्के इकडेतिकडे चालतं. ७ च्या आसपास आलं तर मेन व्होल्टेज ॲम्पच्या मानाने चढं आहे. जुने अमेरिकन ॲम्प ११७ व्होल्टसाठी बनले होते. तुमचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर १२५ देत असेल तर प्लेट, बायस, हीटर सगळंच वर सरकलेलं असतं.

८. कॅथोड बायसवाले ॲम्प

इथे ट्यूब आपला बायस बऱ्याच अंशी आपणच सांभाळते, म्हणून "नुसती बदला" असं सांगतात. तरी एकदा मोजाच. कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज भागिले त्याची प्रत्यक्ष मोजलेली किंमत म्हणजे एकूण करंट. समजा दोन ६व्ही६ना मिळून २५० ओहम आणि त्यावर १८ व्होल्ट. एकूण ७२, प्रत्येकी ३६ मिलिअँपिअर. त्यातून स्क्रीनचे दोन-तीन वजा करा. प्लेट व्होल्टेज मात्र कॅथोडपासून मोजायचं, चेसिसपासून नाही: चेसिसपासून ३५० असेल तर धरायचे ३३२. म्हणजे ११ वॅटच्या आसपास. हे ॲम्प मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या वर चालतात ते असे, आणि तिथे ७० टक्क्यांचा नियम लावत नाहीत. हिशोब मर्यादेपार जात असेल तर थोडा मोठा रेझिस्टर घाला. एसी३० मध्ये चार ईएल८४ मिळून एकच ५० ओहमचा रेझिस्टर असतो. त्या ॲम्पमध्ये ट्यूब तापतात फार आणि लवकर संपतात, म्हणून मागचा भाग भिंतीला चिकटवून ठेवू नका. ईएल८४ ला नऊ पिनांचं सॉकेट असतं, पिनांचे वरचे क्रमांक तिला लागू नाहीत: प्लेट ७, कॅथोड ३, ग्रिड २.

९. पुन्हा कधी मोजायचं

नवी जोडी काही तास वाजल्यावर थोडी बदलते. दोन-तीन आठवड्यांच्या नेहमीच्या वापरानंतर एकदा मोजून घ्या. रेक्टिफायर ट्यूब बदललीत, विशेषतः ५यू४ च्या जागी जीझेड३४ घातलीत, तर प्लेट व्होल्टेज वर जातं आणि आधीचा हिशोब रद्द होतो. प्रीॲम्प ट्यूब बदलल्यावर बायस पाहायची गरज नसते.

तारीख, ट्यूबचं नाव, पिन ५, पिन ३ आणि करंट असे आकडे एका कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत ठेवा. पुढे आवाज बिघडला तर आधी हेच आकडे पुन्हा काढा. पिन ५ तसाच असून करंट घटला असेल तर ट्यूब थकली आहे. पिन ५ च हलला असेल तर नवी जोडी मागवू नका, पुन्हा मुद्दा ५ पासून सुरू करा. काढलेली जुनी जोडी चालू स्थितीत असेल तर खूण करून अडीअडचणीसाठी ठेवून द्या.